जुन्या मोटारीच्या लाकडी कॅरिअरची दुरुस्ती
फोक्सवॅगन बीटलसारख्या जुन्या मोटारीच्या टपावरील कॅरिअरमध्ये पोलादी सांगाडा व त्यावर लाकडी पट्ट्या असतात. प्रथम पट्ट्या काढून गंज खरवडा, वेल्डचे जोड तपासा, मग प्रायमर व रंग द्या. नव्या पट्ट्या चांगल्या वाळलेल्या सागाच्या घ्या. ओलाव्याने लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून पट्ट्यांमध्ये फट ठेवा. पाणी टोकांतून सर्वाधिक शिरते, तेव्हा टोके व स्क्रूची भोके यांनाही वॉर्निश लावा.

आता बल पाहू. 40 किलो सामान आणि 0.8 जी मंदन असल्यास सामान रोखण्यासाठी 40 × 0.8 × 9.8, म्हणजे सुमारे 314 न्यूटन बल लागते. ते शेवटी टपाच्या पन्हळीवरील क्लॅम्पच देतात. म्हणून पट्ट्या कितीही चकचकीत झाल्या, तरी क्लॅम्प सैल असल्यास कॅरिअरवर सामान चढवू नका.