गादी राजाची, हुकूम साहेबाचा

नेपोलियनने 1805 मध्ये मिलानला इटलीच्या राजाचा मुकुट स्वतःच डोक्यावर चढवला. नेपल्सची गादी त्याने 1806 मध्ये भावाला आणि 1808 मध्ये मेहुण्याला दिली. देश इटालियनांचा, फर्मान पॅरिसचे. पुढे दहाच वर्षांत हा कारभार साताऱ्याने अनुभवला.

फेब्रुवारी 1818 मध्ये इंग्रजांनी अजिंक्यतारा घेतला आणि एप्रिलमध्ये छत्रपती प्रतापसिंहांना गादीवर बसवले. 25 सप्टेंबर 1819 च्या तहाने मात्र त्यांचे हात बांधले: कंपनीच्या परवानगीशिवाय बाहेरच्या कोणत्याही सत्तेशी पत्रव्यवहार करायचा नाही. 1822 पर्यंत राज्याची सूत्रे प्रत्यक्षात कंपनीचा प्रतिनिधी ग्रँट डफ याच्याकडेच होती. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा तो हाच.

याच काळात सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांनी कंपनीची फौजी चाकरी करण्यापेक्षा धारवाडकडचा मुलूख सोडणे पसंत केले. हा बाणेदारपणा आज फारसा कुणाला आठवत नाही, याचे वाईट वाटते.

1839 मध्ये प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला धाडले. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा आरोप त्यांनी अखेरपर्यंत नाकारला. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि डझनाहून अधिक वर्षे तिथे झगडले. दरम्यान 1847 मध्ये महाराज काशीतच वारले. 1848 मध्ये डलहौसीने, त्यांच्या जागी गादीवर बसवलेल्या भावाचा दत्तक नामंजूर करून, राज्य खालसा केले. 1857 च्या उठावात साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना देहदंड झाला. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीतारामही होता.