मोबाइल डेटामधील अडचणी (नांदेड व लातूर जिल्हे)

सिग्नल दिसत असूनही स्मार्टफोनवर इंटरनेट न चालण्यामागे नांदेड व लातूरच्या सीमावर्ती तालुक्यांत एक स्थानिक कारण संभवते. हे दोन्ही जिल्हे 'महाराष्ट्र व गोवा' या दूरसंचार सर्कलमध्ये मोडतात. शेजारचा तेलंगणा 'आंध्र प्रदेश' सर्कलमध्ये, तर बिदर 'कर्नाटक' सर्कलमध्ये येते. धर्माबाद, देगलूर किंवा देवणी परिसरात फोन सीमेपलीकडील टॉवरला जोडला गेल्यास तो रोमिंगवर जातो. अशा वेळी 'डेटा रोमिंग' बंद असेल, तर अनेक फोनमध्ये कॉल लागतात, इंटरनेट मात्र थांबते. ही सुविधा सुरू केल्यास अडचण दूर होते. देशांतर्गत रोमिंगसाठी प्रचलित प्लॅनमध्ये सहसा वेगळा आकार नसतो, त्यामुळे जादा बिलाची भीती बहुधा अनाठायी ठरते. परदेशात मात्र सावधगिरी आवश्यक आहे.

सीमेपासून दूर असल्यास प्रथम रिचार्जची मुदत व दिवसाचा डेटा तपासावा, नंतर विमान मोड काही सेकंद सुरू करून बंद करावा. एपीएनची नोंदही पाहावी (जिओसाठी 'जिओनेट', बीएसएनएलसाठी 'बीएसएनएलनेट'). जिओचे २जी वा ३जी जाळे नाही. त्यामुळे फोन केवळ ३जीवर ठेवल्यास ते सिम निरुपयोगी ठरते. प्रवेश अर्जाची मुदत संपत आली असेल, तर सेटिंग बदलत बसण्यापेक्षा दुसऱ्या कंपनीचे सिम असलेल्या फोनचा हॉटस्पॉट घेणे श्रेयस्कर.