लहान जहाजांची सफर आणि बेटांचे भवितव्य

हजारो उतारू पोटात घेऊन हिंडणाऱ्या तरंगत्या नगरांना विटलेल्या प्रवाशांचा ओढा गेली काही वर्षे लहान जहाजांकडे वाढत आहे. उतारू शंभराच्या आतबाहेर. मोठी जहाजे जेथे पोचू शकत नाहीत अशा बेटांवर रबरी होड्यांतून उतरायचे, रानातले पक्षी पाहायचे, दुपारी प्रवाळावर पोहायचे, असा या साहसी सफरींचा क्रम असतो. उष्ण कटिबंधातील द्वीपसमूहांत त्यांना विशेष मागणी आहे. जहाज लहान, तेव्हा निसर्गावर पडणारा भारही लहानच, असे या सफरींच्या जाहिरातींतून आवर्जून बिंबविले जाते. हे म्हणणे कितपत खरे आहे, याचा शोध घेणे अगत्याचे झाले आहे.

इंडोनेशियाच्या पूर्व टोकाकडील राजा अम्पाट हा सुमारे दीड हजार लहानमोठ्या बेटांचा समूह. जगात ज्ञात असलेल्या टणक प्रवाळांच्या जातींपैकी सुमारे तीन चतुर्थांश जाती येथे आढळतात. मार्च 2017 मध्ये ‘कॅलेडोनियन स्काय’ हे नव्वद मीटर लांबीचे जहाज 102 प्रवाशांना घेऊन या समुद्रात आले होते. प्रवासी वैगेओ बेटावरील पक्षी पाहून परतले आणि त्यानंतर ओहोटीच्या वेळी जहाज क्री बेटाजवळील प्रवाळावर चढले. ते ओढबोटीने खेचून काढताना हानी आणखी वाढली. आरंभी सुमारे सोळाशे चौरस मीटर प्रवाळ उद्ध्वस्त झाल्याचा अंदाज होता; पुढील पाहणीत हानी झालेले क्षेत्र अठरा हजार चौरस मीटरांवर गेले. जहाज दुरुस्त होऊन पुन्हा समुद्रात जाते. प्रवाळ पूर्ववत होण्यास मात्र कित्येक दशके लागतात. मासेमारीवर आणि पाहुण्यांच्या सरबराईवर ज्यांची चूल पेटते, त्या तेथील गावकऱ्यांनी तोवर काय करावे, याचे उत्तर कोणत्याही विमापत्रात मिळत नाही.

याउलट दाखला गालापागोसचा. इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे हजार किलोमीटरांवरील ही बेटे 1959 साली राष्ट्रीय उद्यान झाली, 1978 साली जागतिक वारशाच्या पहिल्याच यादीत गेली, आणि 1998 च्या विशेष कायद्याने भोवतालचा समुद्रही राखीव झाला. येथे शंभराहून अधिक प्रवाशांच्या जहाजास सफर करण्याची मुभा नाही. प्रमाणित वाटाड्यावाचून उद्यानातील स्थळी पाऊल टाकता येत नाही. जहाजाचा मार्ग उद्यानाचे अधिकारी आखून देतात, आणि एकाच स्थळी पंधरवड्याच्या आत पुन्हा जाण्यास त्यास मज्जाव आहे. प्रवाशाने पायवाट सोडायची नाही, प्राण्यास स्पर्श करायचा नाही, शिंपलाही उचलायचा नाही. माणसाला न बुजणारे पक्षी आजही तेथे वाटेवरच घरटी करतात, यात या शिस्तीचा वाटा मोठा आहे.

तरीही ही व्यवस्था निर्दोष आहे, असे मानण्याचे कारण नाही. जानेवारी 2001 मध्ये ‘जेसिका’ हे तेलवाहू जहाज सान क्रिस्तोबाल बेटाजवळ रुतले आणि त्यातील डिझेल व जाड इंधनतेल समुद्रात पसरले. त्यातील जाड तेल एका पर्यटक जहाजासाठीच चालले होते. किनाऱ्यांवर पोचलेले तेल अल्प होते. तथापि त्यानंतरच्या वर्षभरात सांता फे बेटावरील इग्वाना जातीचे समुद्री सरडे शेकडा साठांहून अधिक मेल्याचे संशोधकांस आढळले. म्हणजे जहाजाचा भार मोजताना त्याच्यामागून येणारे इंधन, अन्न आणि कचराही हिशेबात धरावा लागतो. शिवाय जहाजांवरील जागांना मर्यादा घातली, तरी विमानाने येऊन गावांतील हॉटेलांत उतरणाऱ्यांची संख्या वाढतच गेली. 2023 साली एकूण पाहुणे तीन लाखांवर गेले. 2007 ते 2010 या काळात ही बेटे संकटग्रस्त वारशाच्या यादीत होती, आणि ऑगस्ट 2024 पासून परदेशी प्रवाशाचे प्रवेशशुल्क शंभर डॉलरांवरून दोनशे झाले. एक दार आवळले आणि दुसरे उघडे ठेवले, तर घर राखले जात नाही, हाच याचा अर्थ.

ही चर्चा आपणांस परकी नाही. 2021 साली मुंबई, गोवा आणि लक्षद्वीप यांना जोडणारी पर्यटक जहाजाची फेरी सुरू झाली. जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधानांच्या भेटीनंतर लक्षद्वीपविषयीचे कुतूहल देशभर वाढले. लक्षद्वीपची एकूण भूमी अवघी 32 चौरस किलोमीटर, वस्तीची बेटे दहा आणि 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या चौसष्ट हजारांवर. जमिनीखालच्या गोड्या पाण्याचा थर पातळ. इंधन आणि धान्य मुख्य भूमीवरून यायचे. 1998, 2010 आणि 2016 साली तापलेल्या समुद्राने येथील प्रवाळ पांढरे पडले. तेथील कोळी गळाने टुना धरतात, आणि त्यासाठी लागणारे जिवंत आमिष प्रवाळाच्या कडेने वेढलेल्या उथळ पाण्यात मिळते. प्रवाळ गेले की आमिष गेले, आणि आमिषापाठोपाठ उपजीविकाही गेली.

या बेटांकडे लहान जहाजे येऊ नयेत, असे आमचे म्हणणे नाही. उलट प्रचंड जहाजापेक्षा ती बरी. परंतु त्यांचा लहानपणा नियमांनी सिद्ध झाला पाहिजे. वर्षाकाठी किती जहाजे आणि किती खाटा, हे पाणी व कचरा यांचा हिशेब करून आधी ठरावे. विमानाने येणाऱ्यांनाही तोच हिशेब लागू असावा. प्रवाळावर नांगर टाकण्यास बंदी करून तळाशी पक्के बांधलेले बोये पुरवावेत. भरती-ओहोटी जाणणारा स्थानिक तांडेल जहाजावर असल्यावाचून बेटाजवळ येण्याची परवानगी देऊ नये. संभाव्य हानीची अनामत आगाऊ घ्यावी, आणि शुल्काचा वाटा बेटावरच्या पंचायतीस मिळावा.

आधी पाहुणे बोलवावेत आणि नियम मागाहून करावेत, या पद्धतीची फळे गोमंतकाचा किनारा भोगीत आहे. आपल्या वाळूला काही अंशी तरी पुन्हा भरून येण्याची संधी भरतीगणिक मिळते. प्रवाळाला तशी संधी नाही. म्हणूनच लक्षद्वीपच्या बाबतीत नियम जहाजांच्या आधी पोचले पाहिजेत.