हट्टामागची मागणी

ज्याची वाणी किंवा बुद्धि वयाच्या मानानें मागें राहिली आहे, अथवा ज्याला स्वमग्नता आहे, असें मूल ज्या घरांत वाढत असतें, त्या घरांतील आईबापांना दोन प्रकारचे कष्ट सोसावे लागतात. पहिले कष्ट मुलाच्या उणिवेचे. ते लोकांना दिसतात, आणि त्यांविषयीं थोडीबहुत सहानुभूतिहि मिळते. दुसरे कष्ट मुलाच्या वागण्याचे. मूल भर बाजारांत जमिनीवर अंग टाकतें, पाहुण्यांसमोर किंचाळतें, स्वतःच्या मनगटाचा चावा घेतें, धाकट्या बहिणीचे केस ओढतें. त्या क्षणीं सहानुभूति संपते आणि दोष देणें सुरू होतें. 'लाडांनीं बिघडवलें', 'वेळींच दोन रपाटे दिले असते तर सुधारलें असतें', असे उद्गार ऐकून ऐकून कित्येक कुटुंबांनीं लग्नकार्यांना जाणें सोडून दिलें आहे. मुलाच्या अपंगत्वानें जें घर एकटें पडलें नाहीं, तें त्याच्या वागण्यानें एकटें पडतें.

या दुसऱ्या कष्टांवर गेल्या चाळीस वर्षांत एक विचारपद्धति तयार झाली आहे. तिला मराठींत 'विधायक वर्तन-साहाय्य' असें म्हणतां येईल. तिचें सूत्र थोडक्यांत असें: त्रासदायक वागण्यानें मुलाला कांहींतरी मिळत असतें, तें काय, हें आधीं ओळखावें, आणि तेंच मिळविण्याचा दुसरा, सोपा आणि कोणालाहि न दुखविणारा मार्ग त्याला शिकवावा. वागणें मोडून काढावयाचें नसून त्याच्या जागीं दुसरें वागणें उभें करावयाचें, म्हणूनच ही पद्धति विधायक.

एक उदाहरण घ्यावें. सात वर्षांचा एक मुलगा रोज संध्याकाळीं भिंतीवर डोकें आपटतो. घरांतील प्रत्येकाचें निदान निराळें. आजी म्हणते, दृष्ट लागली. काका म्हणतात, हट्ट आहे. शेजारीण म्हणते, हा रोगाचाच भाग. परंतु बारकाईनें पाहिलें तर त्याच एका कृतीचीं चार निरनिराळीं कारणें असूं शकतात. आई स्वयंपाकांत गढलेली असतां डोकें आपटलें कीं ती धांवत येते; तर मग ती आईला मारलेली हांक होय. पुढ्यांत पाटी ठेवली कीं डोकें आपटणें सुरू होतें आणि पाटी उचलली कीं थांबतें. तर ती नकोशा कामांतून सुटका होय. मोबाइल काढून घेतल्यावर सुरू होतें आणि तो परत मिळाल्यावर थांबतें; तर ती वस्तूची मागणी होय. आणि जवळपास कोणी नसतांनाहि तें चालूच राहतें. तर त्या आघातांतूनच शरीराला कांहीं संवेदना हवी असते, किंवा एखादी वेदना दाबली जात असते. कृति एक, अर्थ चार. मग उपाय एकच कसा असूं शकेल? जो मुलगा पाटी टाळण्यासाठीं डोकें आपटतो, त्याला शिक्षा म्हणून कोपऱ्यांत उभें केलें, तर त्याची पाटी चुकलीच! शिक्षा करणाऱ्यानें नकळत त्याची मागणी पुरी केली.

हा केवळ तर्क नव्हे. १९८२ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं ब्रायन इवाटा आणि त्यांचे सहकारी यांनीं स्वतःला इजा करून घेणाऱ्या नऊ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येकाला निरनिराळ्या परिस्थितींत ठेवून पाहिलें: एकींत इजा केली कीं कोणी लक्ष द्यावें, दुसरींत इजा केली कीं कठीण काम थांबावें, तिसरींत एकटें असावें, चौथींत खेळ असावा. नवांपैकीं सहा जणांत इजेचें प्रमाण एका ठराविक परिस्थितींतच वाढलेलें आढळलें. तीन वर्षांनीं, १९८५ सालीं, एडवर्ड कार आणि मार्क ड्युरांड यांनीं पुढचें पाऊल टाकलें. त्यांच्या अभ्यासांतील चार मुलांपैकीं कोणी काम अवघड वाटलें म्हणून, तर कोणी लक्ष मिळेना म्हणून त्रास देत असे. पहिल्या प्रकारच्या मुलांना 'समजलें नाहीं' असें सांगावयास शिकविलें. दुसऱ्या प्रकारच्यांना, आपलें काम कसें झालें असें विचारावयास शिकविलें. त्रास कमी झाला. मात्र शिकविलेलें वाक्य मुलाच्या गरजेला जुळतें असेल तेव्हांच तो कमी झाला. न जुळणाऱ्या वाक्याचा तसा उपयोग झाला नाहीं. या शोधांतूनच पुढें, १९९० च्या सुमारास, ही पद्धति नांवारूपाला आली. आणि १९९७ सालीं अमेरिकेच्या अपंग-शिक्षणाच्या कायद्यांत तिचा उल्लेख झाला.

आतां हें घरीं कसें करावें? सर्वांच्या आधीं वैद्याची पायरी आहे. ज्या मुलाला दुखतें म्हणून सांगतां येत नाहीं, त्याच्या दांताचें दुखणें, कानाचें दुखणें किंवा बद्धकोष्ठ वागण्यांतूनच प्रकट होतें. वागणें अकस्मात् बदललें असेल तर तें आजाराचें लक्षण असूं शकतें, हें गृहीत धरून प्रथम डॉक्टरांना दाखवावें. अपुरी झोप आणि अपस्मारावरील कांहीं औषधें यांचाहि वागण्यावर परिणाम होतो.

दुसरी पायरी वहीची. साधी चोपडी घ्यावी आणि तिच्यांत तीन रकाने आंखावे: आधीं काय घडलें, मुलानें काय केलें, आणि नंतर काय झालें. शेजारीं वेळ आणि जागा लिहावी. 'चिडला', 'हट्ट केला' असले शब्द लिहूं नयेत. 'ताट भिरकावलें', 'तीन मिनिटें किंचाळला' असें डोळ्यांना दिसलेलें लिहावें. तिसरा रकाना भरतांना मोठ्यांची खरी कसोटी लागते, कारण त्यांत स्वतःचें वागणें लिहावें लागतें. दोन आठवडे ही नोंद प्रामाणिकपणें ठेवली, तर जें आंधळें संकट वाटत होतें त्यांत बहुधा एक क्रम दिसूं लागतो.

क्रम दिसला म्हणजे उपाय तीन ठिकाणीं करतां येतो. पहिला उपाय, प्रसंग येण्यापूर्वींचा. कुकरच्या शिटीला मूल भीत असेल तर शिटीच्या आधीं त्याला दुसऱ्या खोलींत न्यावें. खेळ एकाएकीं बंद केल्यानें बिनसत असेल, तर पांच मिनिटें आधीं सूचना द्यावी. आंघोळ, शाळा, जेवण, झोप यांचीं चित्रें ओळीनें भिंतीवर लावलीं, तर ज्याला घड्याळ कळत नाहीं त्यालाहि 'आतां पुढें काय' हें कळतें. आणि अनिश्चितता गेली कीं भीतीचा मोठा भाग आपोआप जातो. दहा अक्षरें गिरविणें जड जात असेल तर दोन गिरवून घ्यावीं.

दुसरा उपाय, आणि हाच सर्वांचा कणा, तो पर्यायी भाषेचा. बोलतां येत असेल तर 'थांबूं या', 'आई ये' असे दोन शब्द पुरतात. बोलतां येत नसेल तर हाताची खूण, चित्राचें कार्ड किंवा टेबलावरची लहानशी घंटाहि चालते. येथें एक नियम कटाक्षानें पाळावा लागतो: नवा मार्ग जुन्या मार्गाहून सोपा आणि जलद असला पाहिजे. मुलानें कार्ड दाखवल्यावर 'थांब जरा' म्हणून दहा मिनिटें वाट पाहावयास लावली आणि डोकें आपटल्यावर मात्र तत्काळ धांव घेतली, तर मूल डोकें आपटण्याचाच मार्ग पत्करील, आणि त्याचा हिशेब चुकीचा म्हणतां येणार नाहीं. म्हणून आरंभीं प्रत्येक कार्डाला त्वरित मान द्यावा. थांबावयास शिकवणें हा पुढचा धडा.

तिसरा उपाय, प्रसंगानंतरचा. मुलानें नवा मार्ग वापरला तर मागणी पुरी करून त्याचें कौतुक करावें. जुना मार्ग वापरला तर त्याला आणि इतरांना इजा होऊं न देतां, न ओरडतां, त्या मार्गानें शक्य तितकें कमी मिळेल असें पाहावें. येथें मात्र आईबापांनीं मनाची तयारी ठेवावी, कारण जुना मार्ग बंद पडतांना वागणें प्रथम पुष्कळदां अधिक बिघडतें. रोज पाणी देणारा नळ एके दिवशीं कोरडा निघाला तर माणूस तोटी आणखी जोरानें फिरवतो, तसेंच हें. चौथ्या दिवशीं आजोबांना दया आली आणि त्यांनीं बिस्किट दिलें, तर मूल एवढेंच शिकतें कीं पूर्वीं पांच मिनिटें रडून भागत असे, आतां अर्धा तास रडावें लागतें. म्हणूनच आजी, आजोबा, आत्या, काका, वडील भाऊ या सर्वांनीं एकत्र बसून एकच वागणूक ठरवणें हा उपायाचा अर्धा भाग आहे. हा भार एकट्या आईवर टाकला तर तो पेलत नाहीं.

येथें कोणी म्हणेल, ही तर लांच झाली. लांच आणि मोबदला यांत भेद आहे. मूल किंचाळत असतां त्याला गप्प करण्यासाठीं चॉकलेट दिलें, तर ती लांच, आणि तिनें किंचाळणेंच वाढतें. आधीं ठरवून, योग्य कृतीनंतर जें दिलें जातें, तो मोबदला. मोठीं माणसेंहि त्याचसाठीं कामावर जातात. दुसरा आक्षेप असा कीं, एक चपराक दिली कीं मूल ताबडतोब गप्प होतें, मग एवढी खटपट कशाला? गप्प होतें हें पुष्कळदां खरें. आणि धोका तेथेंच आहे. त्या शांततेनें मारणाऱ्याला सुटका मिळते, म्हणून पुढच्या वेळीं त्याचा हात अधिक लवकर उठतो. जो नियम मुलाला लागू, तोच बापालाहि लागू. मुलाला मात्र मागण्याचा नवा मार्ग मिळालेला नसतो. त्याला मिळालेली असते ती भीति. सात वर्षांच्या मुलाला धाकांत ठेवणाऱ्याला, तेंच मूल सतरा वर्षांचें धट्टेंकट्टें झाल्यावर काय करावें, हा प्रश्न पडल्यावांचून राहत नाहीं. भारतांत शाळांतील शारीरिक शिक्षेला २००९ च्या शिक्षण-हक्काच्या कायद्यानें बंदी केली, आणि २०१६ च्या दिव्यांग-हक्क कायद्यानें अशा व्यक्तींना क्रूर वागणुकीपासून संरक्षण दिलें आहे.

या पद्धतीला मर्यादाहि आहेत. डोळ्याला, डोक्याला गंभीर इजा होत असेल, तर घरगुती उपायांवर न विसंबतां बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक यांचें साहाय्य त्वरित घ्यावें. तसेंच, कोणतें वागणें बदलावयाचें, याचाहि विवेक हवा. स्वमग्न मूल आनंदानें हात फडफडवतें, एकाच जागीं डोलतें. त्यानें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. केवळ लोक पाहतात म्हणून तें थांबवणें हें मुलाचें साहाय्य नव्हे, लोकलज्जेचें समाधान होय. मोठे झालेले अनेक स्वमग्न लोक आतां स्वतः लिहूं-बोलूं लागले आहेत, आणि लहानपणीं निरुपद्रवी हालचालींवर झालेल्या सक्तीबद्दल त्यांनीं कडवट तक्रार केली आहे. ती ऐकण्यासारखी आहे.

महाराष्ट्राला घरापासून आरंभ करण्याची परंपरा आहे. मुंबईंत १९४४ सालीं होरमसजी आणि तेहमिना वकील या दांपत्यानें, डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या जय नांवाच्या मुलीसाठीं शिक्षणाची सोय नाहीं असें पाहून, स्वतःच शाळा सुरू केली. 'जय वकील' या नांवानें ती प्रसिद्ध आहे. सर्वांना शाळा काढणें शक्य नाहीं. परंतु एक चोपडी, भिंतीवर चार चित्रें आणि घरांतल्या माणसांचें एकमत, एवढें साहित्य बहुतेक घरांत जमवितां येतें.

यश कशाला म्हणावें, हेंहि ठरवून ठेवलेलें बरें. मूल गप्प बसलें म्हणजे यश आलें असें नाहीं. ज्या संध्याकाळीं तें भिंतीकडे न जातां स्वयंपाकघराच्या दारांत येतें, आईचा पदर ओढून हातांतलें कार्ड तिच्यापुढें धरतें, आणि ती गॅस बारीक करून त्याच्याजवळ बसते, त्या संध्याकाळीं त्या घरांत एक संभाषण झालें असें समजावें. कुटुंबाला पुन्हां लग्नकार्यांना जातां येऊं लागतें, तें अशाच संभाषणांच्या बळावर.