प्रदक्षिणा आणि भोवरे

ठोक्यांची भाषा : लेखांक ७

काका स्वतःच्या पायांनी चालत आले होते. रात्रीचे दोन वाजले असतील. मी तेव्हा निवासी डॉक्टर होतो आणि अपघात विभागात रात्रपाळी करत होतो. साठीच्या आसपासचे गृहस्थ, खांद्यावर टॉवेल, मागोमाग हातात पिशवी घेतलेल्या काकू. "काही नाही डॉक्टर, नुसतं धडधडतंय. गॅस असंल," असं म्हणत काका खाटेवर टेकले. "गॅस कसला? संध्याकाळपास्नं अंग गार पडतंय यांचं," काकू म्हणाल्या. कपाळावर घाम डवरला होता. नाडी हाताला लागत होती, पण मोजता येऊ नये इतकी भरभर. मॉनिटरवर आकडा आला १८८. पिशवीतली फाइल काढताना काकूंनी सांगितलं की दोन वर्षांपूर्वी मोठा अटॅक येऊन गेलाय.

पडद्यावर रुंद, एकसारख्या लाटा धावत होत्या, करवतीच्या दात्यांसारख्या. हा व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया. वॉर्डात सगळे त्याला व्ही.टी. म्हणतात. आम्ही सलाईन लावलं, गुंगीचं इंजेक्शन भरलं, शॉकचं मशीन खाटेजवळ ओढलं. तेवढ्यात काकांचं बोलणं वाक्याच्या मधेच तुटलं, डोळे वर गेले. करवतीचे दाते विस्कटले आणि पडद्यावर नुसती वेडीवाकडी थरथर उरली. व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन, म्हणजे व्ही.एफ.

गेल्या आठवड्यात आपण हृदयाच्या वरच्या कप्प्यांची, अलिंदांची लय बिघडते तेव्हा काय होतं ते पाहिलं. तो त्रास माणूस वर्षानुवर्षं घेऊन जगू शकतो. आजचे दोन बिघाड खालच्या कप्प्यांचे, निलयांचे आहेत. शरीरभर रक्त ढकलण्याचं काम निलयांचं, त्यामुळे इथली चूक महागात पडते. काकांच्या छातीत पाच मिनिटांत हे दोन्ही येऊन गेले, म्हणून त्यांच्यापासून सुरुवात केली.

आधी व्ही.टी. अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूचा एक तुकडा मरतो. जखम भरते, तिथे व्रण राहतो. व्रणातून वीज वाहत नाही. पण हा व्रण सलग नसतो. त्यात कुठे कुठे जिवंत पेशींचे धागे तग धरून असतात, जुन्या गावातल्या चिंचोळ्या बोळांसारखे. या बोळातून विजेची लहर जाते, पण फार हळू. एरवी त्याने काही बिघडत नाही. एखाद्या दिवशी अवेळी एक ठोका पडतो. त्याची लहर बोळाच्या एका तोंडाशी अडते आणि व्रणाला वळसा घालून दुसऱ्या तोंडाने आत शिरते. ती रेंगाळत बाहेर पडेपर्यंत बाहेरच्या स्नायूची विश्रांती संपलेली असते, तो पुन्हा आकुंचन पावायला तयार असतो. मग लहर त्याला पेटवते, पुन्हा वळसा घालते, पुन्हा बोळात शिरते. व्रणाभोवती अशी प्रदक्षिणा सुरू झाली की हृदयाचा खरा ताल देणारी गाठ, उजव्या अलिंदातली, बाजूला पडते. एका फेरीला ०.४ सेकंद लागत असतील तर मिनिटाला १५० ठोके पडतात. काकांच्या छातीत फेरी त्याहून जलद होती.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. लहर चुकीच्या ठिकाणाहून निघत असली, तरी ती एकच आहे. तिच्यामागे सगळा निलय आकुंचन पावतो, वाकडातिकडा का होईना. रक्त पुढे जातं. दोन ठोक्यांमध्ये निलय पुरता भरत नाही, म्हणून कमी जातं. कुणाला त्याने नुसती धडधड होते, कुणाला चक्कर येते, कुणाचा रक्तदाब कोसळतो आणि नाडीच नाहीशी होते. हृदय मुळात किती दमलेलं आहे आणि वेग किती आहे, यावर ते ठरतं.

म्हणूनच व्ही.टी. फसवते. रुग्ण बोलतोय, पाणी मागतोय, रक्तदाब शंभराच्या वर आहे, म्हणजे ही व्ही.टी. नसणार, असं भल्याभल्यांना वाटतं. मग ती अलिंदांकडून आलेली साधी धडधड समजून व्हेरापामिलसारखं औषध शिरेतून दिलं जातं, रक्तदाब कोसळतो आणि रुग्ण हातचा जातो. शिकताना आमच्या मनावर एक नियम ठसवला गेला, आणि तो मी आजही पाळतो: ईसीजीवर ठोके रुंद आणि जलद असतील, आणि पूर्वी अटॅक येऊन गेला असेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत ती व्ही.टी.च. वाचकांना त्यातलं एवढंच लक्षात ठेवायचं आहे की ज्याच्या हृदयाला आधी इजा झालेली आहे, त्याची अचानक सुरू झालेली धडधड घरी ओवा-सोडा देऊन पाहण्यासारखी नसते.

व्ही.टी.चा एक निराळा प्रकारही आहे. त्यात व्रण नसतो आणि लाटा एकसारख्याही नसतात. त्या एका अक्षाभोवती पीळ घातल्यासारख्या लहानमोठ्या होत जातात. फ्रान्समधल्या देसर्तेन यांनी १९६६ मध्ये त्याचं वर्णन केलं, आणि 'टोर्साद द प्वाँत' हे फ्रेंच नावच जगभर राहिलं. दर ठोक्यानंतर पेशींना पूर्वपदावर यायला जो वेळ लागतो तो लांबला की हा प्रकार उद्भवतो. काही जणांत हा दोष जन्मजात असतो. काहींत तो औषधांमुळे येतो, उदाहरणार्थ एरिथ्रोमायसिन किंवा मानसिक आजारांवरची काही औषधं. जोडीला जुलाब-उलट्यांनी पोटॅशियम उतरलेलं असेल तर धोका वाढतो. उपचारात शिरेतून मॅग्नेशियम देतात.

आता व्ही.एफ. इथे प्रदक्षिणा नाही. लहर फुटते, तिच्या तुकड्यांचे भोवरे होतात, भोवऱ्यांतून आणखी भोवरे, पुराच्या पाण्यात होतात तसे. स्नायूचा प्रत्येक भाग आपापल्या वेळेला थरथरतो. एकत्र जोर असा उरतच नाही. उघड्या छातीत असं हृदय पाहिलेले सर्जन त्याला वळवळत्या गांडुळांच्या पिशवीची उपमा देतात. रक्त कमी जातं असं नाही, ते जातच नाही. दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते, आणि चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. उपचाराविना जाणारा प्रत्येक मिनिट वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटवतो. माणसं अचानक मरतात ती हृदय शांतपणे थांबल्यामुळे, असा एकेकाळी समज होता. ॲबर्डीनच्या जॉन मॅकविल्यम यांनी १८८९ मध्ये मांडलं की बऱ्याचदा हृदय थांबलेलं नसतं, ते असं थरथरत असतं. हे मान्य व्हायला पुढे अनेक वर्षं गेली.

घरात किंवा रस्त्यात व्ही.एफ. झालेला माणूस कसा दिसतो, हे मला सविस्तर सांगायचं आहे, कारण इथेच वेळ जातो. तो कोसळतो. मेंदूचा रक्तपुरवठा तुटल्याने हातपाय काही क्षण झटके देतात. लगेच कुणीतरी म्हणतं "फिट आली", आणि कांदा नाहीतर चप्पल नाकाशी धरली जाते. मग तो आचके देऊ लागतो. तोंड उघडून मधूनच एखादा खोल श्वास. जमलेल्यांना वाटतं, श्वास चालू आहे, जरा वारा घाला, पाणी पाजा. हे आचके म्हणजे श्वास नव्हे. हाक मारून, खांदा हलवून जो ओ देत नाही आणि ज्याचा श्वास नेहमीसारखा चालत नाही, त्याचं हृदय बंद पडलं आहे असंच समजायचं. एकाने १०८ ला फोन करायचा. दुसऱ्याने छातीच्या मधोमध तळहात ठेवून, कोपरं ताठ ठेवून, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबायचं. दर दाबानंतर छाती पुरती वर येऊ द्यायची. बरगडी मोडेल ही भीती मनातून काढा, ती जुळते.

दाबण्याने व्ही.एफ. जात नाही, मेंदूला थोडं रक्त मिळत राहतं आणि शॉक येईपर्यंत अवधी मिळतो. शॉक रुग्णापर्यंत नेण्याची कल्पना बेलफास्टच्या फ्रँक पॅन्ट्रिज यांची. १९६५ मध्ये त्यांनी गाडीच्या बॅटऱ्यांवर चालणारा डिफिब्रिलेटर ॲम्ब्युलन्समध्ये बसवला. त्याचं वजन होतं सुमारे ७० किलो. आज विमानतळांवर भिंतीला टांगलेली एईडी पेटी एका हातात उचलता येते, आणि शॉक द्यायचा की नाही हे ती स्वतःच लाटा वाचून ठरवते. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनच्या मैदानावर डेन्मार्कचा फुटबॉलपटू क्रिस्टियन एरिक्सन सामना चालू असताना कोसळला. तिथल्या तिथे छाती दाबली गेली, शॉक दिला गेला, आणि मैदानाबाहेर नेण्याआधीच तो शुद्धीवर आला होता. पुढच्या वर्षी तो पुन्हा खेळू लागला.

शॉक दोन्ही बिघाडांत देतात, पण तो देण्याची रीत वेगळी. व्ही.टी.मध्ये नाडी लागत असेल तर शॉक ठोक्याच्या शिखराशी जुळवून द्यावा लागतो. ठोक्यानंतर स्नायू सावरत असतानाच्या नाजूक क्षणी तो पडला, तर शॉकनेच व्ही.एफ. सुरू होऊ शकतं. म्हणून मशीनवर 'सिंक'चं बटण असतं. ते दाबलं की मशीन शिखर शोधतं आणि बरोबर त्यावर वीज सोडतं. बर्नार्ड लाऊन यांनी १९६२ मध्ये ही पद्धत रूढ केली. व्ही.एफ.मध्ये शिखरच नसतं, जुळवायचं कशाशी? तिथे बटण दाबताक्षणी शॉक पडायला हवा.

त्या रात्री मी काकांच्या व्ही.टी.साठी सिंक लावून ठेवलं होतं. व्ही.एफ. झाल्यावर मी शॉकचं बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. मशीन निमूटपणे शिखराची वाट पाहत होतं. "सर, सिंक काढा!" सिस्टर ओरडल्या. मोजले तर चार-पाच सेकंदच गेले असतील, पण ते आजही मला झोपेतून उठवतात. पुढच्या शॉकला लय परतली. काका वाचले.

एक गोष्ट ऐकून वाचकांना नवल वाटेल. ताज्या अटॅकच्या पहिल्या तासांत व्ही.एफ. झालं, शॉकने गेलं आणि बंद रक्तवाहिनी उघडली, तर बहुतेकदा ते पुन्हा येत नाही, कारण तो त्या वेळच्या उपासमारीचा उद्रेक होता. व्रणावरची व्ही.टी. मात्र परत येते. व्रण तिथेच असतो, बोळही तिथेच. काही जणांत कॅथेटरने तो बोळ जाळून बंद करता येतो. बऱ्याच जणांच्या छातीत कॉलरबोनखाली आयसीडी नावाचं छोटं यंत्र बसवावं लागतं.

या यंत्रामागे मिशेल मिरोव्स्की यांचं दुःख आहे. इस्रायलमधले त्यांचे ज्येष्ठ सहकारी हॅरी हेलर यांना वारंवार व्ही.टी. होत असे आणि १९६६ मध्ये ते त्यातच गेले. माणसाला जन्मभर रुग्णालयात ठेवता येत नाही, मग डिफिब्रिलेटरच त्याच्या शरीरात का नसावा, या विचाराने मिरोव्स्कींना झपाटलं. तज्ज्ञांनी कल्पनेला नावं ठेवली. बाल्टिमोरमध्ये मॉर्टन मोवर यांच्यासोबत ते काम करत राहिले, आणि ४ फेब्रुवारी १९८० रोजी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पहिल्या रुग्णाला हे यंत्र बसवलं गेलं.

काकांनाही पुढे ते बसवलं. आजचा आयसीडी या दोन बिघाडांतला फरक काही सेकंदांत ओळखतो. व्ही.टी. असेल तर आधी तो तिच्याहून थोडे जलद, बारीक असे आठ-दहा विद्युत ठोके देतो. त्यातला एखादा लहरीच्या आधी बोळाच्या तोंडाशी पोचला की तिची वाट अडते आणि प्रदक्षिणा जिथल्या तिथे मोडते. रुग्णाला अनेकदा कळतही नाही. व्ही.एफ. असेल तर यंत्र विजेचा साठा करून थेट शॉक देतं, आणि शुद्धीत असलेल्याला तो बसला तर छातीत बैलाने लाथ मारल्यासारखं वाटतं.

दीड वर्षाने काका तपासणीला आले तेव्हा आम्ही यंत्राची नोंद वाचली. चार वेळा व्ही.टी. आली होती आणि चारही वेळा शॉकविना मोडली होती. त्यातली एक पहाटे सव्वापाचची. "तेव्हा काय करत होता?" मी विचारलं. काकांनी आठवून पाहिलं, मग काकूंकडे बघितलं. "गोठ्यात असनार," काकू म्हणाल्या. "धार काढायची वेळ ती."