आईच्या गालातली वीज

चार वर्षांपूर्वीच्या नरकचतुर्दशीची गोष्ट. पहाटेचे पाच वाजले असतील. दादाचे बिऱ्हाड आमच्या वरच्याच मजल्यावर असल्याने अभ्यंगस्नानाचा कार्यक्रम तिथेच असतो. आई सर्वांना तेल लावते आणि सर्वांच्या शेवटी मी आईला लावते, असा आमच्या घरचा रिवाज. त्या पहाटे मी तेलाचा हात तिच्या उजव्या गालावरून फिरवला मात्र, आई अशी काही किंचाळली की स्वयंपाकघरातून वहिनी धावत आल्या.

मी घाबरून हात मागे घेतला. आईने डोळे घट्ट मिटले होते. अर्ध्या मिनिटात सारे निवळले आणि ती अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, "काही नाही गं, दाढेत वीज शिरली."

तिचे ते वाक्य मी नीट ऐकले असते, तर पुढचे सात-आठ महिने आणि तिचे दोन दात वाचले असते. म्हणूनच ही हकीकत सणाच्या अंकात सांगण्याचे धाडस करते आहे.

दिवाळी सरली आणि ती वीज वरचेवर चमकू लागली. दात घासताना, पंख्याचा वारा लागताना, पहिला घास चावताना. कधी नुसते बोलायला तोंड उघडले तरी. आई पातळ भात गिळू लागली, बोलेनाशी झाली. मी तिला दाताच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी विचारले, "काय होतंय?" आईने सुरुवात केली, "दाढेत वीज शिरते हो, इथून निघते ती हनुवटीपर्यंत—" तिला बोलण्याचा त्रास होऊ नये म्हणून मी मध्येच म्हणाले, "उजवीकडची खालची दाढ दुखतेय तिची."

वीस वर्षे मुलांना मराठी शिकविणारी मी! 'वीज शिरते' आणि 'दुखते' यांत काय अंतर आहे, हे मला कळायला हवे होते. दाढ थोडी किडलेली होतीच, ती काढली. दीड महिन्याने शेजारचीही काढली. वीज मात्र रिकाम्या हिरडीतूनही तशीच धावत राहिली.

अखेर एका परिचितांच्या सांगण्यावरून मज्जातंतूंच्या तज्ज्ञ बाईंकडे गेलो. मी हकीकत सांगू लागताच त्यांनी मला हाताने थांबविले. "तुम्ही नको. आजींना सांगू द्या, त्यांच्या शब्दांत."

आईने सांगितले. वीज कुठून निघते, कुठे संपते, किती वेळ राहते, कशाने सुरू होते. दोन झटक्यांच्या मध्ये कसे अगदी बरे असते आणि रात्री झोपेत ती कशी सहसा येत नाही. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चार ओळी लिहिल्या आणि म्हणाल्या, "आजी, तुमचं दुखणं दाताचं नाहीच. निम्मं निदान तुम्हीच केलंत."

त्या दुखण्याचे नाव ट्रायजेमिनल न्यूराल्जिया.

दुखण्याचे शब्द

आपल्या मराठीत दुखण्याला किती शब्द आहेत पाहा. गळवाला ठणका लागतो, पोटात कळ येते, पाठीत उसण भरते, बसून बसून पायाला रग लागते, खरचटले की चुरचुरते, मिरची लागली की आग होते. आपल्या आज्या-पणज्यांनी हे शब्द उगाच वेगळे ठेवले नाहीत. ठणका नाडीच्या ठोक्याबरोबर उठतो, कळ चढते आणि उतरते, शिणक क्षणात येऊन जाते. दवाखान्यात गेल्यावर मात्र आपण या सर्वांची 'दुखतंय' या एका शब्दात बोळवण करतो.

मौज अशी की, शास्त्रालाही हेच शब्द हवे असतात. कॅनडातील मॅक्‌गिल विद्यापीठाच्या रोनाल्ड मेल्झॅक या मानसशास्त्रज्ञाने 1975 मध्ये वेदनेची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात वेदनेची 78 विशेषणे 20 गटांत मांडलेली आहेत. रोग्याने आपल्याला लागू पडणारी निवडायची. मज्जातंतूच स्वतः बिघडला की त्याची वेदना बहुधा वेगळ्या भाषेत बोलते: आग, विजेचा झटका, मुंग्या, सुया टोचणे, बधिरपणा. हे शब्द कानावर पडताच जाणता डॉक्टर सावध होतो.

तिळ्यांचा मज्जातंतू

चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारा मज्जातंतू पाचव्या क्रमांकाचा. त्याच्या तीन शाखा: एक कपाळ व डोळ्याकडे, दुसरी गाल व वरच्या जबड्याकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे. 'ट्रायजेमिनल' या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी 'तिळे'. आईचे दुखणे तिसऱ्या शाखेत होते. हा विकार पन्नाशीनंतर अधिक, पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आणि डावीपेक्षा उजव्या बाजूला अधिक आढळतो. पुष्कळदा मेंदूजवळ एखादी रक्तवाहिनी या मज्जातंतूला खेटून धडकत राहते आणि त्याचे वरचे वेष्टन झिजते. विजेच्या तारेवरचे रबर झिजावे, तसेच ते. मग साध्या स्पर्शाचे निरोपही वेदनेच्या तारेत शिरतात. काही थोड्यांत गाठ किंवा दुसरा एखादा आजार मुळाशी असतो, म्हणून एम. आर. आय. काढून पाहावा लागतो. आईच्या चित्रात रक्तवाहिनीच दिसली.

पहिला उपाय गोळ्यांचा. कार्बामाझेपीन हे मूळचे फेफऱ्यावरचे औषध या वेदनेवरही चालते, हे ब्लोम नावाच्या स्वीडिश डॉक्टरने 1962 मध्ये दाखविले. आईला पहिल्या आठवड्यातच इतका आराम पडला की तिने चकली मागितली! परंतु वीज पुन्हा डोके काढी आणि मात्रा वाढवावी लागे. दीड वर्षात आई दिवसा पेंगू लागली, चालताना भिंत धरू लागली, रक्तातले सोडियम उतरले. एके दिवशी ती देवघरासमोर तोल जाऊन पडली. तेव्हा गोळ्यांची हद्द झाली, हे आम्ही ओळखले.

दोन वाटा

डॉक्टरीणबाईंनी दोन वाटा दाखविल्या. पहिली शस्त्रक्रियेची. कानामागे कवटीला लहानसे भोक पाडून ती रक्तवाहिनी मज्जातंतूपासून दूर करायची आणि मध्ये टेफ्लॉनची गादी ठेवायची. पीटर जानेटा या अमेरिकन शल्यविशारदाने 1960 च्या दशकात ही पद्धत रूढ केली. मूळ कारणावरच घाव असल्याने तिचा गुण सर्वांत टिकाऊ. जानेटांच्या रुग्णांच्या 1996 मधल्या अहवालात दहा वर्षांनंतरही सुमारे 70 टक्के रुग्णांना उत्तम आराम होता. शिवाय चेहरा बहुधा बधिर होत नाही.

दुसरी वाट सुईची. गालातून एक लांब सुई कवटीच्या तळाशी असलेल्या छिद्रापर्यंत न्यायची, क्ष-किरणांच्या चित्रात ती पाहत राहायचे आणि तिच्या टोकाने मज्जातंतूच्या मुळाला मोजून ऊब द्यायची. टाका नाही, कापणे नाही. परंतु जिथली वीज जाईल तिथली संवेदनाही थोडीबहुत जाणार. आणि काही वर्षांनी वेदना परतण्याचा संभव अधिक. परतली तर हाच उपाय पुन्हा करता येतो.

दादा शस्त्रक्रियेच्या बाजूचा. "एकदाच काय ते होऊन जाऊ दे." मला आईचे शहात्तर वय आणि हृदयाची जुनी तक्रार दिसत होती. दोन रात्री आम्ही भावंडे वाद घालीत बसलो. तिसऱ्या दिवशी आई दारात येऊन उभी राहिली. "तोंड माझं आहे ना? मग मला विचारा की! डोकं उघडायचं वय नाही माझं. बधिर तर बधिर. सुईच बरी."

वाद तिथेच संपला.

सुईचा प्रवास

ही सुई काही कालपरवाची नव्हे. हेर्टेल नावाच्या जर्मन शल्यविशारदाने पहिल्या महायुद्धाच्या आगेमागेच गालातून या छिद्राकडे जाण्याचा मार्ग आखून दिला होता. पुढे त्याच मार्गाने विजेची उष्णता देण्याचेही प्रयोग झाले. पण किती ऊब द्यावी, यावर ताबा नव्हता. बॉस्टनचे विल्यम स्वीट आणि त्यांचे सहकारी वेप्सिक यांनी 1974 मध्ये तो ताबा आणला. वेदना वाहणारे बारीक तंतू उष्णतेने आधी निकामी होतात आणि स्पर्शाचे जाड तंतू अधिक तग धरतात, हा त्यांचा विचार. सुईच्या टोकाशीच तापमान मोजायचे, थोडी ऊब द्यायची, रोग्याला जागे करून विचारायचे, अशी ती रीत.

याच मार्गावरची आणखी एक कथा गमतीची आहे. स्वीडनमध्ये हाकान्सन नावाचे डॉक्टर किरणोपचारासाठी मज्जातंतूची जागा चित्रात दिसावी म्हणून धातूची पूड ग्लिसरॉलमध्ये कालवून सुईने आत सोडीत. पाहतात तो, किरण देण्यापूर्वीच रोग्यांची वेदना थांबलेली! गुण ग्लिसरॉलचा होता. तो उपचार 1981 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केला. 1983 मध्ये शिकागोच्या मलन आणि लिक्टर यांनी त्याच छिद्रातून इवलासा फुगा नेऊन मज्जातंतू मिनिटभर दाबण्याची युक्ती सांगितली. वाट एकच, वाटसरू वेगळे.

आईच्या उपचाराच्या दिवशी आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. आतले नंतर डॉक्टरांनी चित्रे दाखवून समजावले आणि आईने तिखटमीठ लावून सांगितले. टेबलाभोवती इंग्रजी 'सी' अक्षरासारखे कमानदार क्ष-किरण यंत्र फिरते. सगळे शिशाचे एप्रन घालून उभे. ओठाच्या कोपऱ्यापासून अडीच-तीन सेंटिमीटरवर सुई शिरते. ज्या छिद्रात तिला जायचे ते लांबट, जेमतेम सात-आठ मिलिमीटरचे. आणि आसपास मोठ्या रक्तवाहिन्या. पूर्वी हे सारे हाताच्या अंदाजावर चाले. आता पडद्यावर सुई आणि छिद्र दोन्ही दिसतात. सुई शिरताना रोग्याला काही मिनिटांपुरते झोपवितात, मग जागे करतात.

पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. सुईतून अगदी सौम्य वीज सोडून डॉक्टरांनी विचारले, "आजी, काय वाटतं? कुठे?"

आई म्हणाली, "खालच्या ओठापासून हनुवटीपर्यंत झिणझिण्या येताहेत. पण ही ती वीज नव्हे हो, ही नुसती झिणझिण."

"गालाच्या वरच्या बाजूला? डोळ्यापाशी?"

"तिथे काही नाही."

इतके लाखमोलाचे यंत्र, पण सुई योग्य शाखेत आहे की नाही, हे अखेर आईच्या शब्दांनीच ठरले. डोळ्याच्या शाखेला ऊब लागली तर बुबुळ बधिर होऊन त्याला इजा होण्याची भीती असते. जागेची खात्री झाल्यावर आईला पुन्हा झोप देऊन मिनिटभर ऊब दिली. दुसऱ्या दिवशी ती घरी आली, तेव्हा गालावर डास चावल्याएवढी खूण होती.

नफा-तोटा

वीज गेली. त्याला आता पावणेदोन वर्षे होतील. गोळ्या हळूहळू उतरवीत बंद केल्या आणि आई भिंत न धरता चालू लागली. तोटाही सांगितला पाहिजे. उजवी हनुवटी आणि खालचा ओठ जाड वाटतो, "कापूस गुंडाळल्यासारखा". पहिले दोन-तीन महिने उजवीकडून चावण्याचा जोर कमी होता. भाताचे शीत ओठाला चिकटले तर तिला समजत नाही, नात हळूच सांगते, "आजी, शीत." चहा किती गरम आहे, हे ती आता डाव्या ओठाने पाहते. वीज परत येणार नाही, असे कोणी वचन दिलेले नाही आणि आम्ही मागितलेलेही नाही.

आमची हकीकत कळल्यापासून ओळखीची मंडळी चौकशीला येतात. कोणाला नागिणीनंतरची आग, कोणाची कंबरेतून पोटरीपर्यंत उतरणारी सणक. क्ष-किरण किंवा सोनोग्राफीच्या चित्रात पाहून नेमक्या मज्जातंतूपाशी औषध सोडण्याचे उपचार त्या दुखण्यांवरही आहेत. पण प्रत्येक दुखण्याला सुई नसते आणि प्रत्येक सुईला सारखा गुण नसतो. आधी नीट निदान, मग गोळ्या, मग सुई, हीच चाल बरी. गुण किती दिवस टिकेल आणि बदल्यात काय द्यावे लागेल, हे दोन प्रश्न डॉक्टरांना आधीच विचारावेत. आणि घरचे म्हातारे माणूस दवाखान्यात बोलू लागले की मध्ये पडू नये, हे माझे स्वतःचे अनुभवाचे बोल.

गेल्या नरकचतुर्दशीला मी पुन्हा आईला तेल लावायला बसले. उजव्या गालाशी येताच माझा हात आपोआप थांबला. आईने तो धरून गालावर ठेवला.

"चोळ नीट. थांबलीस कशाला?"

"दुखत नाही ना?"

"अगं, आता तिथे कळ नाही, आणि फारसं कळतही नाही!" असे म्हणून ती स्वतःच खळखळून हसली. मग वहिनींना हाक मारून तिने विचारले, चकल्या यंदा खुसखुशीत झाल्या आहेत की नाही.