कडाक्याच्या थंडीतले हलके ओझे

हिवाळी पदभ्रमणात पाठीवरचे वजन घटवायचे ते ऊब न गमावता. झंस्करच्या गोठलेल्या नदीवरून जाणाऱ्या चादर ट्रेकमध्ये जानेवारी-फेब्रुवारीत रात्री पारा उणे 20 अंशांच्याही खाली जातो. श्रीवर्धन तालुक्यातल्या बोर्ली पंचतनसारख्या किनारी गावातून निघालेल्याला घरच्या थंडीवरून त्याचा अंदाज बांधता येत नाही.

सुती कपडे आधी बाद करावेत. घाम धरून ठेवतात आणि अंग गारठवतात. अंगालगत मेरिनो लोकर किंवा पॉलिएस्टर, वर फ्लीस, सर्वांत बाहेर वारा अडवणारे जाकीट. मुक्कामासाठी पिसांचे जाकीट घ्यावे. वजनाच्या मानाने पिसांइतकी ऊब दुसरे काही देत नाही. मात्र ओली झाली की पिसे जवळजवळ निकामी होतात. कृत्रिम भरण जड असते, पण ओलसरपणा सोसते.

स्लीपिंग बॅगवरचा 'कम्फर्ट' आकडा पाहावा. 'एक्स्ट्रीम' हा जेमतेम जीव वाचवण्याचा आकडा, झोपेचा नव्हे. खालची चटई मात्र हमखास दुर्लक्षित राहते. अंगाखाली दबलेले भरण ऊब देत नाही, म्हणून फुगवायच्या चटईखाली फोमची पातळ चटई घालावी. तेवढे जादा वजन सार्थकी लागते.

ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाखाली वायुरूप होत नाही, त्यामुळे साध्या गॅसच्या डब्यावर शेगडी पेटत नाही. प्रोपेन-आयसोब्यूटेनचे मिश्रण बरे. फारच थंडीत द्रव इंधनाचा स्टोव्ह, जड असला तरी, खात्रीचा.

परतल्यावर किनाऱ्याच्या दमट हवेत पिसांची बॅग नीट वाळवून मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवावी.